घाट उतरण्याआधी: पिकअपचे मागचे ब्रेक घरच्या घरी कसे तपासावेत आणि दुरुस्त करावेत

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे आणि निमाडातला नर्मदाकाठ त्याच्या सुमारे चारशे मीटर खाली. खंडवा रस्त्याने सिमरोळ सोडून भेरू घाट उतरावा किंवा आग्रा-मुंबई रस्त्याने मानपूरपुढचा गणेश घाट उतरावा, माळव्याच्या पठारावरून खाली जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हे चारशे मीटर उतरावेच लागतात. आमची पिकअप सियागंजमधून किराणा भरून सनावद, खरगोनकडे जाते आणि हंगामात बेडियाच्या मंडीतून मिरची घेऊन परत येते. म्हणजे जड माल घेऊन उतरायचे आणि हलका पण उंच रचलेला माल घेऊन चढायचे. अशा फेऱ्यांत गाडीचा बराच झिजणारा आणि सर्वांत कमी पाहिला जाणारा भाग म्हणजे मागच्या चाकांच्या ड्रमच्या आतला ब्रेक. पुढची डिस्क चाकाच्या फटीतून दिसते, इंजिनाचा आवाज बदलला की कानाला कळते, परंतु ड्रमच्या आत काय चालले आहे हे तो उघडल्याशिवाय कोणालाही समजत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः त्याच कामाविषयी आहे.

आधी ब्रेकवर किती भार येतो ते समजून घ्यावे. मालासह तीन टन वजनाची गाडी १०० मीटर खाली उतरते तेव्हा तिची सुमारे २९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. एवढ्या उष्णतेत नऊ लिटर गार पाणी उकळू लागेल. चारशे मीटरच्या उतारात याच्या चौपट उष्णता तयार होते. वारा आणि रस्त्याचे घर्षण तिचा काही वाटा उचलतात, खालच्या गिअरमध्ये इंजिन मोठा वाटा उचलते आणि उरलेली सगळी उष्णता डिस्क व ड्रम यांच्या लोखंडात जाते. चालकाने न्यूट्रल करून गाडी सोडली की इंजिनाचा वाटाही ब्रेकवरच पडतो. लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे अस्तर, तापून गुळगुळीत होतात, ब्रेक ऑइलमध्ये मुरलेले पाणी उकळून त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल थेट तळाला जाते. ब्रेक ‘अचानक’ गेल्याचे सांगितले जाते, तेव्हा बहुतेक वेळा त्यामागे कित्येक महिन्यांचे दुर्लक्ष असते.

मी हे काम वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर करतो. खंडेनवमीला हत्यारांची आणि गाडीची पूजा होते, त्याच्या आधीच्या रविवारी दोन्ही ड्रम उघडायचे असा आमच्या घरचा क्रम आहे. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी गेलेली असते आणि मिरचीचा हंगाम अजून सुरू व्हायचा असतो, त्यामुळे हा काळ योग्य ठरतो.

साहित्य आणि जागा

सपाट, पक्की फरशी हवी. अंगणातल्या मातीवर हे काम करू नये, कारण जॅक मातीत रुततो. चाकांना लावायला लाकडाचे दोन ओंडके, गाडीचे वजन पेलणारा जॅक आणि दोन लोखंडी घोड्या लागतात. घोडी लावल्याशिवाय गाडीखाली हात किंवा डोके घालायचे नाही, आणि घोडीच्या जागी विटा तर कधीही लावायच्या नाहीत, कारण वीट वाकत नाही, एकदम फुटते. याशिवाय रिंग पान्यांचा संच, स्प्रिंग काढण्याचा पकड, रबरी किंवा तांब्याचा हातोडा, पारदर्शक प्लास्टिकची बारीक नळी, एक रिकामी बाटली, जंग सोडवणारे तेल, उष्णता सोसणारे ग्रीस, नाकातोंडाला मास्क आणि ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा जवळ ठेवावा. डबा ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचाच (डॉट ३, डॉट ४ वगैरे) आणावा. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनांक किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण त्यात पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून गेल्या वर्षी उघडलेला अर्धा डबा कितीही स्वच्छ दिसला तरी वापरू नये. डॉट ५ हे सिलिकॉनचे, वेगळ्याच जातीचे ऑइल आहे. नावातला आकडा मोठा आहे म्हणून ते चांगले असेल असे समजून आपल्या गाडीत घालू नये.

ड्रम उघडणे

पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून ओंडके लावावेत. गाडी जमिनीवर असतानाच मागच्या चाकाचे नट अर्धा फेरा सैल करावेत, कारण चाक अधांतरी असताना जोर लावला तर गाडी जॅकवरून सरकू शकते. मग जॅक मागच्या एक्सलच्या नळीखाली, कमानीच्या (पानांच्या स्प्रिंगच्या) बैठकीजवळ लावून चाक उचलावे आणि घोडीही एक्सलखालीच लावावी. चेसिस उचलून एक्सल लोंबता ठेवण्याची पद्धत मी मुद्दाम टाळतो, त्याचे कारण हवा काढण्याच्या टप्प्यात येईल. चाक काढल्यावर हँडब्रेक सोडावा आणि गिअर न्यूट्रल करावा, नाहीतर ड्रम फिरणार नाही. या क्षणी गाडी फक्त पुढच्या ओंडक्यांवर थांबलेली असते, म्हणून ते आधी हाताने ओढून तपासावेत.

बऱ्याच ड्रमना दोन आटे पाडलेली छिद्रे असतात. त्यांत योग्य मापाचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो. एकच बोल्ट पूर्ण आवळला तर ड्रम तिरपा होऊन अडकतो. तरीही निघत नसेल तर मधल्या भोकाभोवती जंगाचे तेल सोडून दहा मिनिटे थांबावे आणि स्टडच्या मधल्या भागावर हातोड्याने बेताने ठोकावे. कडेला ठोकू नये, बीड तडकते. ड्रमच्या आतल्या कडेला झिजून ओठ तयार झाला असेल तर लायनर त्यात अडकतात, तेव्हा मागच्या पत्र्यातल्या खिडकीतून ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधले अंतर ठरवणारा आट्यांचा भाग) मागे फिरवून लायनर आत घ्यावे लागतात. ज्या गाड्यांत ड्रमआधी एक्सल शाफ्ट आणि हब उतरवावा लागतो, त्यांचे काम पहिल्या वेळी जाणत्या मेकॅनिकबरोबर बसूनच करावे, कारण हब परत बसवताना बेअरिंगचा ताण अचूक ठेवावा लागतो.

ड्रम निघाल्यावर पहिला मोह होतो तो हवेचा फवारा मारून काळी धूळ उडवण्याचा. गाड्या धुण्याच्या ठिकाणी असे करताना मी नेहमी पाहतो, आणि प्रत्येक वेळी थांबवावेसे वाटते. जुन्या किंवा स्वस्त लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते. साबणाच्या पाण्याने सगळा भाग ओला करावा, ओल्या फडक्याने पुसावा आणि ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे. मास्क हे काम संपेपर्यंत काढू नये.

आत काय पाहायचे

काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर चार-पाच स्पष्ट फोटो काढावेत आणि एका वेळी एकाच बाजूचे काम करावे. दुसरी बाजू जशीच्या तशी राहिली तर स्प्रिंग कोणत्या भोकात होती हे विसरले तरी तिकडे पाहता येते. मात्र डाव्या बाजूची रचना उजवीच्या उलट असते आणि दोन्हींचे ॲडजस्टर अदलाबदल करून चालत नाहीत, हे लक्षात ठेवावे. एकदा एका गॅरेजमध्ये आमच्या गाडीच्या एका ड्रममधले पुढचे-मागचे लायनर उलटे बसवले गेले होते. ब्रेक लागत होता, पण गाडी दर वेळी एका अंगाला ओढत होती, आणि कारण सापडायला दोन महिने गेले. तेव्हापासून हे काम मी स्वतः करू लागलो.

लायनरची जाडी सर्वांत झिजलेल्या जागी मोजावी. किमान जाडीचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. रिव्हेट असलेल्या लायनरमध्ये रिव्हेटच्या डोक्यावर किमान एक मिलिमीटर थर उरलेला असावा, पण पुढे पूर्ण हंगाम असेल तर त्या मर्यादेपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही. लायनर काचेसारखा चकाकत असेल तर तो तापून गेला आहे. ड्रमच्या आत निळसर डाग, बारीक तडे किंवा नखाला अडकणाऱ्या चऱ्या दिसल्या तरी तेच समजावे. ड्रमवर त्याचा कमाल आतला व्यास ओतीव अक्षरांत लिहिलेला असतो. लेथवर घासून घेताना व्यास त्या मर्यादेच्या पुढे जाणार असेल तर ड्रम बदलावा. पातळ ड्रम उष्णता कमी साठवतो आणि लवकर तापतो.

यानंतर व्हील सिलिंडरच्या (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) दोन्ही टोकांची रबरी टोपणे बोटाने हलकेच उचलून पाहावीत. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतो आहे. केवळ रबर किट बदलण्यापेक्षा पूर्ण सिलिंडर बदलावा असे माझे मत आहे, कारण आत जंगाचे खड्डे पडले असतील तर नवे रबर थोड्याच दिवसांत कापले जाते.

ओल सिलिंडरपाशी नसून खाली, एक्सलच्या बाजूला असेल आणि तिला गंधकासारखा उग्र वास असेल, तर ते ब्रेक ऑइल नसून हाउसिंगमधले गिअर ऑइल आहे आणि एक्सलचे सील गेले आहे. सील बदलण्याआधी हाउसिंगच्या वरच्या बाजूची लहानशी श्वासनळी तपासावी. पावसाळ्यात ती चिखलाने बुजते, आतली हवा तापून फुगते, तिला वाट मिळत नाही आणि ती सीलमधून तेल ढकलते. श्वासनळी न उघडता बदललेले नवे सीलही पुन्हा गळते. तेलाने भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा शेकोटीवर भाजून वापरण्याची रीत अजून आढळते. तेल लायनरच्या अंगात मुरलेले असते आणि पहिल्याच घाटात ते पुन्हा वर येते, म्हणून असा लायनर फेकून द्यावा. लायनर नेहमी दोन्ही चाकांचे एकत्र बदलावेत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

बसवणे आणि जुळवणे

मागच्या पत्र्यावर लायनर जिथे टेकून सरकतात त्या उंचवट्यांवर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ हात फिरवावा. ॲडजस्टरचे आटे साफ करून तिथेही थोडे ग्रीस लावावे. त्यानंतर हात पुसूनच नव्या लायनरला स्पर्श करावा. ताण गेलेल्या आणि निळ्या पडलेल्या स्प्रिंग पुन्हा वापरू नयेत. ड्रम चढवून ॲडजस्टर हळूहळू फिरवावा, ड्रम हाताने फिरवताना हलकी घसट जाणवली की थांबावे, पेडल दोन-तीन वेळा दाबून लायनर मध्यावर येऊ द्यावेत आणि मग ड्रम मोकळा फिरेल इतपतच ॲडजस्टर मागे घ्यावा.

दोन्ही बाजूंचे लायनर जुळल्यावरच हँडब्रेकच्या केबलला हात लावावा. क्रम उलटा केला, म्हणजे सैल हँडब्रेक केबल ओढून घट्ट केला, तर लायनर आतून किंचित ताणलेले राहतात, ॲडजस्टर आपले काम करत नाही आणि रिकाम्या रस्त्यावरही ड्रम तापत राहतो. हँडब्रेक ढिला वाटला की केबल आवळून मोकळे होण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि त्यामुळे मूळ झीज झाकली जाते.

ऑइल बदलणे आणि हवा काढणे

या कामाला दुसरा माणूस लागतो. माझ्याबरोबर पुतण्या पेडलवर बसतो आणि मी चाकाशी. दोघांनी शब्द आधी ठरवून घ्यावेत. मी “दाब” म्हणतो, तो पेडल सावकाश दाबतो आणि “धरलाय, काका” असे सांगतो, मी चाकामागचे निप्पल (ऑइल आणि हवा बाहेर सोडण्याचा स्क्रू) पाव फेरा उघडतो, नळीतून ऑइल बाटलीत येते, मी निप्पल बंद करतो आणि त्यानंतरच “सोड” म्हणतो. निप्पल उघडे असताना पेडल सुटले तर बाहेरची हवा आत ओढली जाते. नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडालेले असावे.

पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलतो तो मास्टर सिलिंडर. सुरुवात त्याच्यापासून सर्वांत लांबच्या चाकापासून करतात. परदेशी व्हिडिओंमध्ये बहुधा मागचे उजवे चाक आधी घेतलेले दिसते, कारण तिथे चालक डावीकडे बसतो. आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे असल्यामुळे मागचे डावे, मग मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे असा क्रम साधारणतः लागतो. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळावा. दर पाच-सहा दाबांनंतर टाकीतली पातळी पाहावी. ती किमान खुणेखाली गेली तर हवा आत जाते आणि सगळे पुन्हा करावे लागते. सांडलेले ऑइल रंग खाते, म्हणून ते ताबडतोब पाण्याने धुवावे.

जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवून ते तळापर्यंत जाऊ देऊ नये. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचे रबर ठरावीक अंतरातच सरकते. त्यापुढच्या भागात जंग साचलेला असू शकतो आणि तिथवर रबर गेले की फाटते. हवा काढल्यानंतर दोनच दिवसांत मास्टर सिलिंडर गळू लागला असे ऐकू येते, तेव्हा कित्येकदा हेच घडलेले असते.

अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलला दांड्याने जोडलेला, भारानुसार दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी भरली की कमानी दबतात, दांडा वर जातो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की मागची चाके घसरू नयेत म्हणून दाब कमी केला जातो. एक्सल लोंबत असेल तर व्हॉल्व्ह गाडीला रिकामी समजून मागचा प्रवाह अडवतो आणि हवा नीट निघत नाही. घोडी एक्सलखाली लावण्याचे कारण हेच. याच व्हॉल्व्हमुळे आणखी एक गोष्ट बिघडते, आणि ती माल वाहणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवी. जास्त माल भरता यावा म्हणून कमानीत एखादे जादा पान टाकले जाते. त्यानंतर भरलेली गाडीही खाली दबत नाही, व्हॉल्व्ह तिला रिकामीच समजतो आणि सर्वांत जास्त गरज असते तेव्हा मागच्या ब्रेकला अपुरा दाब मिळतो. सगळे काम पुढच्या डिस्कवर पडते आणि त्या घाटात लालबुंद होतात. जादा पान टाकले असेल तर व्हॉल्व्हचा दांडा पुस्तिकेप्रमाणे जुळवून घ्यावा, किंवा त्याहून बरे म्हणजे पान काढून नोंदणीपत्रावर लिहिलेल्या वजनाइतकाच माल भरावा.

बूस्टरची परीक्षा

बूस्टर म्हणजे व्हॅक्युमच्या जोरावर पेडलचा दाब वाढवणारा डबा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, मग ते दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल थोडे खाली गेले तर बूस्टर ठीक आहे. जागच्या जागी कडक राहिले तर व्हॅक्युमची नळी, तिचा एकदिशा व्हॉल्व्ह आणि पंप तपासावा लागेल. अनेक डिझेल गाड्यांत व्हॅक्युम पंप अल्टरनेटरला जोडलेला आणि पट्ट्यावर चालणारा असतो, म्हणून पट्ट्याला तडे दिसले तर तो केवळ बॅटरीच्या चार्जिंगचा प्रश्न न मानता ब्रेकचाही मानावा. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणे याच कारणाने जिवावर बेतते. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्युम दोन-तीन दाबांत संपतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते.

त्याच दिवशी उरकायची बाकीची कामे

पुढचे पॅड तीन मिलिमीटरच्या खाली आले असतील तर बदलावेत आणि कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावावे. चाक वर-खाली धरून हलवावे, खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट पाहावा. कमानीचे यू-बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या ताणाने पुन्हा आवळावेत, कारण सैल यू-बोल्टमुळे मधला बोल्ट तुटून एक्सल जागेवरून सरकू शकतो. शॅकल (कमानीचे टोक चेसिसला जोडणारा दुवा) आणि क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचा सांधा) यांच्या ग्रीसच्या निप्पलांवर जुने, काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत ग्रीस मारावे. डिझेल फिल्टरच्या तळाचा नट सैल करून साचलेले पाणी सोडावे. निमाडातल्या कच्च्या रस्त्यांची धूळ पाहता एअर फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीच्या निम्म्यातच पाहावा. इंजिन ऑइल आणि कूलंटचे वेळापत्रक पुस्तिकेत स्पष्ट दिलेले असते, तेच पाळावे.

रस्त्यावरची चाचणी

चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबून पाहावे. मग रिकाम्या गाडीने, मोकळ्या रस्त्यावर, ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगावरून आठ-दहा वेळा बेताने थांबावे आणि प्रत्येक वेळी ब्रेकला निवायला वेळ द्यावा. नव्या लायनरची पूर्ण बैठक व्हायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात, तोवर भरलेली गाडी घाटात नेऊ नये. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा तपासावेत.

पहिल्या फेरीला मी सिमरोळपाशी, घाट सुरू होण्याआधीच गाडी थांबवतो आणि चारही चाकांपाशी हाताचा पंजा थोडा दूर धरून उष्णता पाहतो. सपाट रस्त्यावर डावे आणि उजवे चाक सारखेच कोमट लागले पाहिजे. एक ड्रम दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर तो लायनर पूर्ण सुटत नाही असे समजून मी तिथूनच इंदूरला परततो आणि त्या बाजूचा ॲडजस्टर व केबल पुन्हा पाहतो. दोन्ही सारखे असतील तर ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो तोच गिअर टाकून उतरायला लागतो. घाटाच्या पायथ्याशी पुन्हा थांबून तीच तपासणी करतो. तारीख, किलोमीटर, लायनरची मोजलेली जाडी आणि कोणते चाक किती तापले हे गाडीतल्या वहीत लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या खंडेनवमीआधी ड्रम उघडताना वर्षभरात किती मिलिमीटर झीज झाली ते वजाबाकी करून कळते आणि लायनर आणखी एक हंगाम काढतील की नाही हे ठरवता येते.